दारावरचं बदक आणि जुने फ्रिज नेणारी गाडी

पाचापैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते पुढे येईलच. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या पोरांनी माझा फ्रिज पाखाडीच्या बेचाळीस पायऱ्या चढवून वर नेला, त्यांच्या पोटावर माझ्या एका अनुभवाने पाय नको. चिपळूण-गुहागर भागात जुने फ्रिज आणि वॉशिंग मशीन न्यायला अधूनमधून एक गाडी येते, तिच्याबद्दल हे आहे. ज्यांनी बघितली आहे त्यांना कळेल.

मी गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या एका वाडीत राहते. घरगुती खानावळ चालवते, वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. या जानेवारीपर्यंत आमच्याकडे गार करणारी तीन यंत्रं होती. स्वयंपाकघरात २०२३ साली घेतलेला एका दाराचा १९० लिटरचा फ्रिज. पडवीत सासूबाईंचा १९९५ सालचा. आणि मागच्या खोपीत आडवा डीप फ्रीझर, तो आंब्याच्या रसासाठी.

सासूबाईंच्या फ्रिजबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. त्या वर्षी सुपारीला बरा भाव आला, त्या पैशांतून तो आणला. वाडीतला पहिला. कुणाकडे सत्यनारायण असला की सरबतासाठी बर्फ आमच्याकडून जायचा, शेजारच्या आजोबांची इन्शुलिनची बाटली वर्षानुवर्षं आमच्या दारातल्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी. २०२३ मध्ये नवा घेतला तेव्हा जुना काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमचे हे म्हणाले, "चालतोय ना? मग असू दे पडवीत, पाण्याच्या बाटल्यांना होईल." म्हणजे नवा फ्रिज आला आणि बिल वाढलं. कोकणात घरोघरी हेच असणार. आपण फ्रिज बदलत नाही, आपण फ्रिज वाढवतो.

फ्रीझरची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला भिजलेल्या फ्रिज-फ्रीझरच्या रांगा लागलेल्या. त्यातलाच एक कारागिराने दुरुस्त करून मला सहा हजारांत दिला. रिले नवा, थर्मोस्टॅट नवा, आतून पांढराशुभ्र धुतलेला. मी खूश. पण त्याच्या बाहेरच्या अंगाला कायम घाम सुटायचा, पावसाळ्यात तर खाली थारोळं. कारण नंतर कळलं. फ्रीझरच्या दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असतो, थंडी अडवायचं सगळं काम तो करतो. पुराचं पाणी एकदा त्यात मुरलं की ते सहजासहजी बाहेर येत नाही, आणि भिजलेला फोम म्हणजे ओली गोधडी. थंडी बाहेर निसटते आणि कॉम्प्रेसर बिचारा थांबतच नाही. वरून कितीही चकाचक करा.

हे सगळं कळायचं निमित्त झाला माझा भाचा. दिवाळीला पुण्याहून येताना त्याने प्लगात खोचायचं एक छोटं मीटर आणलं. आधी त्यात खोचा, मग फ्रिजची पिन त्यात, आणि चोवीस तासांनी किती युनिट गेले ते वाचा. स्वयंपाकघरातला फ्रिज: ०.६ युनिट. लेबलावर लिहिलंय त्यापेक्षा जास्तच, पण खानावळीत दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. सासूबाईंचा: २.४. फ्रीझर: ३.१. मला पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावलं, आकडे जवळपास तेच. म्हणजे पडवीत चार बाटल्या गार करायला आम्ही चार नवे फ्रिज चालतील एवढी वीज जाळत होतो. दोघे मिळून दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला १६५. आणि महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो. ही १६५ युनिटं सगळी त्या वरच्या, महागड्या पायऱ्यांवर बसलेली. ज्या तालुक्यात एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला, २००१ मध्ये बंद पडला आणि पुढे दुसऱ्या नावाने चालू झाला, त्या तालुक्यातल्या माणसाला वीज कशी पिकते ते सांगायला नको. ती कशी सांडते ते मात्र मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

जुना फ्रिज इतकं का खातो? भाच्याने दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावलं आणि नोट अलगद ओढून घेतली. रबर कडक झालेलं, दार लागतच नव्हतं नीट. मागची काळी जाळी खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली, वर तेलकट धूळ, उष्णता बाहेर जाणार कुठून. शिवाय फ्रिज किती वीज खातो ते ताऱ्यांत सांगणारी ही स्टार लेबलंच आपल्याकडे २००६ पासूनची, आणि आत बर्फ न साचणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रिजना ती २०१० पासून सक्तीची. १९९५ च्या फ्रिजला कुणी तारे मोजले नव्हते. आणखी एक, ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच नव्हेत. जुनं स्टिकर बघून कुणी फसू नका.

तर काढायचं ठरलं. प्रश्न होता कुणाला द्यायचा.

पहिला पर्याय एक्स्चेंज. त्याबद्दल माझं मत एका बदकामुळे पक्कं झालेलं आहे. चिपळूणच्या धाकट्या जाऊबाईंनी २०१४ साली आपला जुना फ्रिज एका दुकानात एक्स्चेंजमध्ये दिला. त्याच्या दारावर पुतणीने लहानपणी लाल नेलपॉलिशने एक बदक काढलेलं, रॉकेलने पुसलं तरी न गेलेलं. तीन वर्षांपूर्वी मी किनाऱ्यावरच्या एका टपरीवर लिंबूसोडा प्यायला थांबले आणि समोर ते बदक! तोच फ्रिज, तेच दार, चोच तेवढी उडालेली. जाऊबाईंना फोटो पाठवला. त्यांना वाटत होतं की फ्रिज कधीच मोडीत निघाला. एक्स्चेंजवाल्या त्या दुकानदाराला सहज विचारलं तर तो सरळ म्हणाला, "चालू माल कोण मोडतो वैनी? कारागीर घेतो, गॅस भरतो, पुढे विकतो." त्यात लबाडी काही नाही. गरजूला स्वस्तात फ्रिज मिळतो. पण आपण जुना फ्रिज दिला म्हणून वीज वाचली असं समजायचं कारण नाही. बिल फक्त घर बदलतं, आणि टपरीवर तर व्यापारी दराने.

दुसरा पर्याय आमचा भंगारवाला. माणूस चांगला, वजनकाट्याला प्रामाणिक. त्याने फ्रिजचे पंधराशे आणि फ्रीझरचे बावीसशे सांगितले, वर नेण्याची जबाबदारी त्याची. पण तो कसा मोडतो ते मी पाहिलंय. नळीवर छिन्नी, एक फुस्स, कॉम्प्रेसर बाजूला, जाळी बाजूला, पत्रा बाजूला. उरलेला पिवळा फोम कुणालाच नको असतो, तो खाडीच्या कडेला जातो किंवा पेटवतात. गुहागरच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं पाण्याकडे निघतात त्याच वाळूत मी तो पिवळा चुरा पाहिला आहे.

आणि ते फुस्स साधं नसतं. सासूबाईंच्या फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आतल्या गार करणाऱ्या गॅसचं नाव लिहिलेलं होतं, आर-१२, १२० ग्रॅम. हा वायू ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात त्याला आवर घातला गेला. भारतात त्या जातीच्या वायूंचं उत्पादन २००८ मध्ये थांबलं, अपवाद तेवढा दम्याच्या पंपांचा. शिवाय उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून भारी. म्हणजे १२० ग्रॅम हवेत सोडला की बाराशे किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आणि त्या काळच्या फ्रिजमध्ये नळीतल्या गॅसपेक्षा भिंतीतला फोम फुगवायला वापरलेला वायू जास्त असायचा, तोही ओझोनखाऊच. नवीन फ्रिजमध्ये बहुतेक आयसोब्युटेन असतो, तो या बाबतीत निरुपद्रवी, फक्त पेट घेणारा.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्याही पडवीत २००९ मध्ये कारागिराने गॅस भरताना आधीचा फुस्स करून सोडला होता, आणि मी त्याला चहा दिला होता. तेव्हा नळीतल्या गॅसबद्दल फार पावित्र्याचा आव आणायचा मला अधिकार नाही. भिंतीतला तेवढा शाबूत होता.

तिसरा पर्याय ही गाडी. शृंगारतळीच्या एका दुकानात चिठ्ठी लावलेली होती, तिथून नंबर घेतला. फोनवरची मुलगी नीट बोलणारी, घाई न करणारी. मागच्या पट्टीचा फोटो मागवला, चालू आहे की बंद ते विचारलं, "दुरुस्त करून विकत नाही, मोडूनच टाकतो" असं स्पष्ट सांगितलं. माझ्यासाठी हेच वाक्य महत्त्वाचं होतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात फ्रिजही येतात, आणि विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल गोळा करून त्याची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. त्या जबाबदारीपोटी अशा नोंदणीकृत मोडणाऱ्यांना काम मिळतं. म्हणून ही गाडी आमच्यासारख्या कोपऱ्यापर्यंत येते, एरवी डिझेलही सुटायचं नाही.

आता तक्रारी. बुधवार सांगितला, आली शनिवारी. मधे एक फोन नाही. मी मंगळवारी रात्रीच दोन्ही बंद केलेले, पुसून दारं उघडी टाकलेली, सहा किलो सुरमई आणि रसाचे अकरा डबे शेजारी नेऊन ठेवलेले. शेजारीण म्हणाली नाही काही, पण तिचा फ्रीझर लागेना म्हणून तीन दिवस झाकणावर पाटा ठेवावा लागला. अर्धा तारा इथे गेला.

दुसरी तक्रार, फोनवर सगळं विचारलं पण घरापर्यंत रस्ता आहे का हे विचारलंच नाही. कोकणात गाडी धाडणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. आमचं घर रस्त्यापासून बेचाळीस पायऱ्या खाली, पाखाडी चिऱ्याची, शेवाळलेली. गाडीबरोबर ड्रायव्हर धरून दोघेच. त्यांनी वरून खाली पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. शेवटी आमच्या आगरात नारळ पाडायला आलेले दोघे पाडेली मदतीला घेतले. फ्रिजचं दार चिकटपट्टीने बंद केलं, काथ्याच्या दोराने अंगाला आडवेतिडवे वेढे दिले, दोन वासे घातले आणि निघाली पालखी. शिमग्यात पालखी नाचवणारे खांदे ते, एक पायरी चुकली नाही. फ्रिज होता होईतो उभाच ठेवला, आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत उतरतं, असं ड्रायव्हर सांगत होता. आमचे हे ओटीवर उभे राहून बघत होते. वर पोचल्यावर ते एकदाच म्हणाले, "आईने नारळ फोडला होता तो आणला तेव्हा." मग आत गेले. मी मुद्दाम मागे गेले नाही.

पाडेल्यांचे चारशे मी दिले. "कंपनी देत नाही ताई," ड्रायव्हर म्हणाला. हिशेब असा: फ्रिजचे सातशे, फ्रीझरचे हजार, वजा चारशे, हातात तेराशे. भंगारवाल्याकडे सदतीसशे मिळाले असते. चोवीसशेचा फरक कमी नाही, दहा-बारा मासळीच्या ताटांची कमाई आहे ती. पण दर कमी म्हणून मी तारा कापलेला नाही. नीट मोडायला खर्च येतो. जपानमध्ये तर २००१ पासून घरचा फ्रिज टाकताना गिऱ्हाइकालाच शुल्क भरावं लागतं. इथे निदान काहीतरी हातावर पडलं.

चहा पिताना ड्रायव्हरने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तळोज्याच्या बाजूला कुठेतरी मोठी शेड, तिथे कॉम्प्रेसरच्या नळीला चिमट्यासारखं काही लावतात, आत भोक पडतं आणि गॅस व तेल ओढून टाकीत जातं. मग तांब्याची गुंडाळी वेगळी, पत्रा वेगळा, ॲल्युमिनियम वेगळं, आतलं पांढरं प्लॅस्टिक वेगळं. पाहून समाधान वाटलं. मग मी विचारलं, फोमचं काय करतात? बाहेरच्या देशांत चांगल्या कारखान्यांत फ्रिजचं धूड बंद खोलीत दळतात, म्हणजे फोममधला वायूही पकडता येतो. व्हिडिओत फोम कुठेच नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "ते आमच्या साहेबांना विचारा." साहेबांना विचारायला फोन केला, तर "मेल करा." मेल केला. उत्तर आलं ते "आपल्या विश्वासाबद्दल धन्यवाद" एवढंच. विश्वास मी अजून ठेवलेला नाही, प्रश्न विचारलाय. याचा अर्धा तारा.

आणि शेवटचा अर्धा कागदाचा. विल्हेवाटीचं प्रमाणपत्र पंधरा दिवसांत व्हॉट्सॲपवर येईल असं सांगितलेलं. चार फोन केल्यावर एकेचाळिसाव्या दिवशी आलं. त्यात "रेफ्रिजरेटर, १ नग." फ्रीझर कुठेच नाही. विचारलं तर म्हणे दोन्ही एकाच वजनात धरलेत. अहो, वजन तांदळाचं धरतात! पुरात बुडून पुन्हा बाजारात आलेला फ्रीझर होता तो, आणखी एकदा कुणाच्या खोपीत जाऊन बसायला नको म्हणून तर मी चोवीसशे सोडले. दुरुस्त कागद अजून यायचा आहे.

एवढं असून साडेतीन का, तर काम झालं म्हणून. पोरं अदबीने वागली, पैसे जागेवर रोख दिले, जाताना खोपीतला गंजाचा चुरा झाडून गेली. डिसेंबरच्या बिलात ३३८ युनिट होते, दोन्ही गेल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्यात १८१. पाहुणे साधारण तेवढेच होते. रसाचं म्हणाल तर यंदा शेजारणीच्या फ्रीझरमध्ये अर्धी जागा घेतली, एप्रिल ते जून, तिच्या बिलात माझा वाटा. बाकीचा रस सासूबाई करायच्या तसा आटवून बरणीत भरला. पाहुण्यांना तोच जास्त आवडला, हे आमच्या ह्यांनी मला आतापर्यंत चार वेळा ऐकवलं आहे.

पडवीतल्या रिकाम्या चौकोनात आता माठ आहे.

बोलवायचीच असेल तर पाखाडीचा फोटो आधी पाठवा, खांदेकऱ्यांचे पैसे कोण देणार ते फोनवरच ठरवा, पावतीवर प्रत्येक नग वेगळा लिहून घ्या आणि गाडी दारात दिसेपर्यंत फ्रिज बंद करू नका.

गेल्या आठवड्यात टपरीवाल्याकडे गेले होते. बदक तिथेच आहे. त्याला गाडीचं सांगितलं. त्याने पहिलं विचारलं, "देतात किती?" सातशे म्हटल्यावर हसला. "वैनी, ह्यात आत्मा हाय अजून. सातशेला कोण देईल?" मी वाद घातला नाही. भाच्याचं मीटर पिशवीतच होतं, ते त्याच्या प्लगात खोचून आले. उद्या संध्याकाळी आणायला जायचं आहे.